मोरोक्कोची बैठक

पितळी जाळीचे चार दिवे टांगले, दोन रंगीत उशा टाकल्या आणि भिंतीवर एक कमान रंगविली, कीं मोरोक्कन दिवाणखाना सिद्ध झाला, अशी समजूत हल्लीं पुष्कळ घरांत आढळते. ती चुकीची आहे. फेज अथवा माराकेश येथील जुन्या घरांत शोभेचा आरंभ वस्तूंपासून होत नाहीं; तो खोलीच्या घडणीपासून होतो.

हीं घरें रस्त्याकडे पाठ करून उभीं असतात. बाहेरून पाहावें तर कोरी भिंत आणि एक दरवाजा. आंत जावें तों मधोमध उघडा चौक. पुण्यांतील जुना वाडा पाहिलेल्यास ही रचना परकी वाटणार नाहीं. चौकांत बाग असली तर घराला ‘रियाद’ म्हणतात. पाहुण्यांची खोली या चौकाकडे उघडते, आणि ती लांबट व अरुंद असते. हा कांहीं हौसेचा प्रकार नव्हे. छताला अॅटलास पर्वतांतील देवदाराच्या तुळया घालावयाच्या, तेव्हां तुळई जेवढी पोंचेल तेवढीच खोलीची रुंदी.

बैठकीची रीतही यावरूनच ठरली. भिंतींना लागून ‘सेद्दारी’ नांवाचे बसके बांक, त्यांवर लोकरीच्या गाद्या, पाठीशीं लोडांची रांग. मधली जागा मोकळी. जेवणाच्या वेळीं तेथें बुटकें गोल मेज येतें आणि रात्रीं त्याच बांकांवर पाहुणे निजतात. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला यांतून कांहीं उचलावयाचें असेल तर तें हेंच. त्याला खर्चही थोडा.

खरा खर्च भिंतीचा. खालीं ‘झलीज’, त्यावर कोरीव चुना, आणि सर्वांत वर नक्षीदार देवदार, हा तेथील क्रम आहे. झलीज म्हणजे छापील फरशी नव्हे. झिलई दिलेल्या मातीच्या चौकोनी फरशीवर आकृति आंखून, धारदार हातोड्यानें तिचे तारे व पाकळ्या एकेक करून तोडतात. पुढचें काम तर अधिकच नवलाचें: हे तुकडे झिलईची बाजू खालीं करून मांडतात. कारागिराला दिसते ती केवळ मातकट पाठ; रंगांची मांडणी त्याच्या स्मरणांत असते. मग पाठीवर गिलावा ओतून तो पत्रा भिंतीला उभा करतात. फेज येथील बू इनानिया मदरशांत हें काम पाहावयास मिळतें. चौदाव्या शतकांत तो ज्या सुलतान अबू इनाननें बांधविला, त्याच्याच आज्ञेवरून दौलताबाद पाहून गेलेल्या इब्न बतूतानें आपला प्रवास सांगितला. तो ग्रंथ १३५५ सालीं पुरा झाला.

माराकेशकडे ‘तादेलाक्त’ नांवाचा चुन्याचा गिलावा करतात. तो गुळगुळीत दगडानें घोटून त्यास ऑलिव्हच्या तेलाचा साबण चोळतात. साबण व चुना यांच्या संयोगानें पृष्ठभागांत पाणी सहसा शिरत नाहीं. अशा साध्या भिंतीसमोर बेनी ऊरायन लोकांचा पांढऱ्या लोकरीचा, काळ्या रेघांचा जाड गालिचा फार शोभतो. तो मुळांत डोंगरांतील थंडीकरितां बायकांनीं विणलेला, दिखाव्याकरितां नव्हे.

एवढें झाल्यावर दिवे. जाळीच्या दिव्याची सावली कोऱ्या भिंतीवर पडली पाहिजे. नक्षीवर पडली तर दोन्ही नक्ष्या फुकट जातात. चहाचें पितळी तबक मात्र हाताशीं असावें, कारण पुदिन्याचा चहा यजमान पाहुण्यांच्या समोरच, उंचावरून ओततो.