दान नव्हे, देणे

पाऊस लांबला की डोंगरपायथ्याशी पहिला घाव कोरडवाहू घरावर बसतो. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या तालुक्यांतील भिल्ल, पावरा, कोकणा कुटुंबांपैकी अनेकांकडे विहीर नाही. ज्वारी-मका करपला की मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मुलाबाळांसह ऊसतोडीला निघायचे. कर्ज आधी, घाम नंतर.

या घराने हवामान बिघडवले का? हिशेब पाहू या. कोळसा व तेल जाळले की कार्बन वायू हवेत जातो आणि त्यातला बराच भाग शेकडो वर्षे तिथेच राहतो. म्हणून आजच्या तापमानवाढीत जुना धूरही मोजावा लागतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस थांबला, तेव्हा खानदेशचा कापूस लँकशायरच्या कोळशावर चालणाऱ्या गिरण्यांकडे गेला. शेत आपले, नफा त्यांचा, धूर मात्र साऱ्या जगाच्या आभाळात.

आजवरच्या एकूण कार्बन वायूपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा वाटा तीन-चार टक्क्यांच्या आसपास, आणि लोकसंख्या मात्र जगाच्या एक षष्ठांशाहून अधिक. म्हणूनच १९९२ च्या जागतिक हवामान करारात एक तत्त्व मान्य झाले: जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही.

तत्त्व मान्य झाले, पैसा रेंगाळला. श्रीमंत देशांनी २००९ साली कोपनहेगन येथे वचन दिले की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा प्रथम २०२२ मध्ये गाठला गेला. त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. ज्याचे नुकसान झाले त्यालाच कर्ज द्यायचे, ही मुकादमाची उचलच झाली! २०२२ मध्ये इजिप्तमधील परिषदेत हानी व नुकसानीसाठी वेगळा निधी ठरला. पण गरजेपुढे त्यातली रक्कम फार तुटपुंजी आहे.

हाच हिशेब घरातही मांडायला हवा. भारताच्या सरासरीआड शहरातला वातानुकूलित बंगला आणि पाड्यावरची झोपडी एकाच ओळीत बसतात. १८७८ च्या वन कायद्याने इंग्रज सरकारने जंगलावर ताबा पक्का केला आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा आदिवासी अतिक्रमणदार ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत आपल्या संसदेने याला ‘ऐतिहासिक अन्याय’ म्हटले. जुन्या अन्यायाची भरपाई करावी लागते, हे आपण देशात मान्य केले आहे. राष्ट्राराष्ट्रांतही मागणी तीच आहे.

वाचकहो, लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय आठवा. अर्धी मालमत्ता त्याने गरिबांना देऊ केली. ते दान होते. ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करू, असे तो वेगळे म्हणाला. ते देणे होते. तो या दोन गोष्टींची गल्लत करत नाही.

दुष्काळात धान्य आणि चादरी वाटल्याच पाहिजेत. पण सोबत वनहक्काच्या दाव्याचा कागद, पाणी अडवणारा बांध आणि ग्रामसभेतला आवाजही हवा. पाड्यावरचा माणूस हात पसरत नाही. तो आपले येणे मागतो आहे.