दूध वर्ज्य करणारी गर्भवती : शेवटच्या तीन महिन्यांचा हिशेब

प्रसूतिपूर्व तपासणी विभागात दरवर्षी काही प्रश्न नव्याने पुढे येतात. त्यांपैकी एखादा या अहवालातून विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर मांडण्याचा आमचा प्रयत्न असतो. या वेळचा प्रश्न प्रथमदर्शनी मोजक्या सुशिक्षित कुटुंबांपुरता वाटेल. परंतु त्याचा धागा धरून पुढे गेल्यावर तो आपल्या रुग्णालयात येणाऱ्या बहुसंख्य मातांपर्यंत पोहोचतो, असे आमच्या ध्यानात आले.

अठ्ठाविसावा आठवडा संपलेली एक गर्भवती आपल्या सासूबाईंसमवेत आमच्याकडे आली. (त्यांच्या संमतीने लिहीत आहोत, ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.) त्या व्यवसायाने शिक्षिका. लग्नापूर्वीपासून व्हीगन, म्हणजे मांस-मासे-अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधही नाही. प्राण्याला राबवून मिळालेले काहीही घ्यायचे नाही, ही त्यांची धारणा. रोज सकाळी चालणे, आठवड्यातून तीनदा योगासने आणि सुटीच्या दिवशी भटक्या जनावरांच्या निवाऱ्यात सेवा, असा त्यांचा क्रम होता. सासूबाई आल्या त्या तक्रार घेऊनच. ‘‘डॉक्टर, तुम्हीच सांगा हिला. घोटभर दूध नाही, चमचाभर तूप नाही. बाळाची हाडं भरायची कशी?’’ सूनबाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘आई, मी ऐकायलाच आले आहे. फक्त दूध पी, एवढेच उत्तर नको.’’

दोघींचेही म्हणणे रास्त होते. आमच्या व्यवसायात पहिल्या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ असते आणि दुसऱ्यासाठी वेळ काढावा लागतो.

प्रथम शेवटच्या तीन महिन्यांचे महत्त्व पाहू. अठ्ठाविसाव्या आठवड्यात गर्भाचे वजन साधारण एक किलो असते; पूर्ण दिवस भरेपर्यंत ते अडीच-तीन किलोंपर्यंत जाते. जन्माच्या वेळी बाळाच्या अंगात जे सुमारे तीस ग्रॅम कॅल्शियम असते, त्याचा फार मोठा भाग याच काळात मातेकडून घेतलेला असतो. लोहाचेही तसेच. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळ जी लोहाची शिदोरी वापरते, ती या दिवसांतच भरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार या तिमाहीत मातेला नेहमीपेक्षा रोज सुमारे ३५० किलोकॅलरी ऊर्जा आणि २२ ग्रॅम प्रथिने अधिक लागतात. एकूण प्रथिने अंदाजे ६८ ग्रॅम होतात. गरज अशी वाढत असताना वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलत असते. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटते आणि आडवे झाले की जळजळते. डाळी, भाज्या, भाकरी हा आहार आकाराने मोठा व चोथायुक्त असल्याने व्हीगन मातेला ही अडचण थोडी अधिकच जाणवते. उलट, लोहाच्या गोळ्यांनी होणारी बद्धकोष्ठता या मातांना कमी सतावते, असाही आमचा अनुभव आहे.

या शिक्षिकेला आम्ही तीन मोठी जेवणे सोडून दिवसातून सहा वेळा थोडे थोडे खाण्यास सांगितले आणि घरातलेच पदार्थ मोजून मांडले. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. तीस ग्रॅम कोरड्या डाळीत, मटकीत वा मुगात जवळपास तितकीच. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून किंचित अधिक भाग प्रथिनांचाच असतो. दोन वेळची आमटी, मोड आलेल्या मटकीची उसळ, मूठभर दाणे, मूठभर सोयावडी आणि ज्वारी-गव्हाची पोळी-भाकरी एवढ्यात हिशेब जवळजवळ पुरा होतो. सासूबाई कागदावरचे आकडे पाहत होत्या. ‘‘एवढं तर आमच्याकडे असतंच,’’ त्या म्हणाल्या. असतेच; मात्र सुनेच्या ताटात नेमके किती पडते, ते पाहावे लागते.

हाडांचा प्रश्नही असाच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तितक्याच दुधात ते साधारण एकशे वीस असते, पण दुधातले शरीर सहज शोषते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला ही आपली जुनी साधने आहेत. पालकावर मात्र या कामी भिस्त ठेवू नये. त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. गर्भवतीची दिवसाची गरज १००० मिलिग्रॅमची. शासकीय कार्यक्रमानुसार चौदाव्या आठवड्यापासून प्रत्येक गर्भवतीला, ती दूध पिणारी असो वा नसो, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज दिल्या जातात. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये, एवढे पथ्य पाळावे. लोहाच्या गोळीबरोबर लिंबू किंवा आवळा चालतो. चहा चालत नाही.

येथवर सारे सोपे होते. अडचण आली ती रक्ततपासणीच्या कागदात. हिमोग्लोबिन अकराच्या खाली होते आणि जीवनसत्त्व ब-१२ बरेच कमी. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या त्या नेमाने घेत होत्या. ब-१२ ची गोळी मात्र ‘आता आहार नीट आहे’ म्हणून वर्षभरापूर्वीच बंद केली होती.

या जीवनसत्त्वाची कथा थोड्या विस्ताराने सांगण्याजोगी आहे, आणि तिचा आरंभ मुंबईतच होतो. १९२८ साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणात होणारा तीव्र रक्तक्षय हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. रोग्यांना यकृताचा अर्क देण्याची तेव्हा पद्धत होती. विल्स यांनी मार्माइट हा यीस्टपासून केलेला स्वस्त अर्क देऊन पाहिला आणि गुण आला. त्यांचे निष्कर्ष १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक ॲसिड. १९४१ मध्ये ते पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले आणि लॅटिन भाषेतील ‘पान’ या शब्दावरून त्याचे नाव पडले. म्हणजे गर्भवतीच्या रक्तक्षयावरील एक मोठा उपाय याच शहरात, एका वनस्पतिजन्य म्हणता येईल अशा पदार्थातून सापडला. पालेभाजी खाणाऱ्या व्हीगन मातेला फॉलेटची सहसा वाण नसते.

ब-१२ चे तसे नाही. ते वनस्पती तयार करीत नाहीत आणि प्राणीही करीत नाहीत. ते केवळ जिवाणू करतात, आणि प्राण्यांच्या मार्फत ते मांस-दूध-अंड्यांत उतरते. १९४८ मध्ये ते प्रथम शुद्ध रूपात हाती आले. फॉलेट भरपूर आणि ब-१२ तुटपुंजे असेल तर रक्त वरवर सुधारते, मज्जातंतूंची हानी मात्र पडद्याआड चालू राहते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे गरोदरपणाचा थकवा समजून सोडून दिली जातात. बाळाच्या बाबतीत धोका पुढचा आहे. मातेच्या अंगातच ब-१२ नसेल तर गर्भाला ते कमी पोहोचते आणि नंतर अंगावरच्या दुधातूनही कमीच मिळते. अशी काही बाळे सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत दिसतात. मग हसू मावळते, मान धरलेले बाळ मान टाकू लागते, कातडी काळवंडते, हात-डोके थरथरू लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञांना हा विकार पूर्वापार परिचित आहे. वेळेवर ओळखला तर उपचाराला प्रतिसाद मिळतो. गेलेले महिने सर्वस्वी परत मिळतीलच असे नाही.

सासूबाईंचा यावर लगेच प्रश्न आला : ‘‘म्हणजे दूध हवंच ना?’’ त्याचे उत्तर त्याच दिवशी, त्याच बाकावर बसले होते. शेजारच्या गर्भवतीच्या घरी दोन म्हशी होत्या. तिचेही ब-१२ कमीच निघाले. विचारता कळले की दूध डेअरीला जाते. तिच्या वाट्याला येते ते चहातले.

हा योगायोग नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. त्यातील सुमारे दोन-तृतीयांश गर्भवतींत ब-१२ कमी आढळले, आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्या मातांत फॉलेट अधिक आणि ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढील मधुमेहाची एक पायरी, सर्वाधिक होती. याच अभ्यासाच्या २००१ च्या एका निबंधात, अठराव्या आठवड्यात घेतलेले दूध आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात खाल्लेल्या पालेभाज्या व फळे यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी चांगला संबंध आढळला. दुधाच्या बाजूनेही हा पुरावा आहे, तो आम्ही सूनबाईंपासून लपविला नाही; आणि शेवटच्या तिमाहीत पालेभाजीचे पारडे जड आहे, हे सासूबाईंपासूनही नाही.

ब-१२ ची गोळी जिवाणूंच्या साहाय्याने आंबवून तयार होते. तिच्यात प्राणिजन्य असे काही असण्याचे कारण नाही. दिवसाची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्याही आत, पण एका वेळी आतडे फारच थोडे शोषते, म्हणून गोळीतील मात्रा कितीतरी मोठी दिसते. तिला घाबरू नये. शैवालापासून केलेले ओमेगा-३ मिळते. ड जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून काढतात, दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासूनही ते मिळू शकते. कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे हाडा-कातड्याचे असते. २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन खाद्यपदार्थांवर हिरवे ‘व्ही’ चिन्ह येऊ लागले, मात्र ते खाद्यपदार्थांपुरते. औषधांबाबत आम्ही माहिती देतो आणि पर्याय असल्यास सुचवितो. एकदा त्यांनी विचारले, ‘‘टाके कशाचे घालता?’’ जुना कॅटगट धागा गुरा-मेंढ्यांच्या आतड्यांचा असे; आता विरघळणारे कृत्रिम धागे मिळतात. हा प्रश्न आजवर आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर देण्यापूर्वी शस्त्रक्रियागृहात जाऊन खात्री करावी लागली, हे कबूल करतो. जिवावर बेतले तर प्राणिजन्य औषधही घेईन, असे त्यांनी स्वतःहून लेखी दिले. व्हीगन विचाराच्या व्याख्येतच ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी मर्यादा आहे, असे त्यांनीच आम्हाला सांगितले.

चालण्या-फिरण्याबद्दल थोडे. काही गुंतागुंत नसल्यास आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रम गर्भवतीने करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची सूचना आहे. चालताना बोलता येईल इतकाच वेग असावा. पाठीवर उताणे पडून करावयाची आसने या काळात टाळावीत. रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत दुखणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाल्यास थांबून तडक रुग्णालयात यावे. येथे एक भेद विसरू नये. पुण्याच्या त्याच अभ्यासात शेतातले व घरातले कष्ट, विहिरीवरून पाणी आणणे हे ज्यांना अधिक करावे लागे, त्यांची बाळे लहान आढळली. स्वेच्छेने फिरायला जाणे आणि पोटुशीने हंडे वाहणे यांना ‘व्यायाम’ या एकाच शब्दात बसवू नये.

मधल्या काळात डोहाळजेवण झाले. वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ‘काय होणार’ हे ओळखण्याचा खेळ आम्हाला एरवीही रुचत नाही. या घरी पेढ्या-बर्फीअभावी तो आपोआप टळला. ओटीत फळे होती, ताटात नारळाच्या दुधातली खीर होती. सूनबाई गोळ्या नेमाने घेत होत्या. छत्तिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले. दिवस भरून मुलगी झाली, वजन दोन किलो आठशे ग्रॅम.

म्हशींच्या घरची ती दुसरी माताही सुखरूप बाळंत झाली. तिची ब-१२ ची तपासणी आपल्या निर्धन रुग्ण निधीतून झाली होती. ही तपासणी हिमोग्लोबिनच्या तुलनेत खर्चिक असल्याने आजवर ती आम्ही लक्षणे दिसल्यावरच करीत असू. पहिल्या भेटीतच प्रत्येक गर्भवतीची करता यावी, असा प्रस्ताव विभागाने विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

बाळंतिणीला घरी सोडताना ब-१२ ची गोळी अंगावर पाजणे चालू असेपर्यंत थांबवायची नाही, असे कागदावर लाल शाईने लिहून दिले. सासूबाईंनी तो कागद पिशवीत ठेवला आणि अळिवाच्या लाडवांविषयी विचारले. ओले खोबरे, गूळ, नारळाच्या पाण्यात भिजवलेले अळीव आणि जायफळ, अशी त्यांच्या माहेरची कृती. ‘‘यात दूध नाही, तूपही नाही,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आम्ही कधी घालतच नव्हतो.’’