रानबदक शिजवताना चव सांभाळायची की तब्येत?

अमेरिकेत परवाना घेऊन हंगामात रानबदकांची शिकार करता येते. मात्र ते शिजवताना पाळीव बदकाचे नियम चालत नाहीत. का? समजून घेऊ.

मांस चिवट का होतं?
पाळीव बदकाच्या कातडीखाली जाड चरबी असते. मॅलार्डसारखं रानबदक लांबचा पल्ला उडतं. त्याच्या छातीच्या स्नायूंत मायोग्लोबिन भरपूर, चरबी मात्र कमी. त्यामुळे मांस गडद लाल दिसतं आणि जास्त शिजलं की कोरडं पडतं. म्हणूनच अनेक शिकारी छाती तव्यावर झटपट भाजून आतून गुलाबी ठेवतात. तंगड्या मंद आचेवर काही तास शिजवतात.

मग धोका कुठे?
अमेरिकी कृषी विभागाच्या निकषानुसार पक्ष्याचं मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं. गुलाबी छाती त्याखालीच राहते. २०२२ पासून तिथल्या रानपक्ष्यांत बर्ड फ्लू आढळत असल्याने हा निकष महत्त्वाचा. पक्षी साफ करताना हातमोजे हवेतच.

मधला मार्ग?
छातीचा खिमा करून त्यात थोडी चरबी मिसळायची. पूर्ण शिजूनही तो कोरडा होत नाही.

छर्ऱ्यांचं काय?
पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे. त्याऐवजी बहुतेक जण पोलादी छर्रे वापरतात. ते मांसात राहिले तर दात तुटू शकतो. जखमेची जागा बोटांनी चाचपून पाहावी.

भारतात चालेल?
नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानबदकांची शिकार गुन्हा आहे. उजनी-जायकवाडीवर उतरणारी बदकं फक्त दुर्बिणीतूनच पाहायची.