निवृत्त न झालेला अध्यापक

निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि चार गौरवाचे शब्द देऊन माणसाला निरोप देण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या समारंभातील भाषणे ऐकली म्हणजे वाटावे, सत्कारमूर्तीचे कर्तृत्व संपले. आता नातवंडे खेळवायची आणि सायंकाळी फिरावयास जायचे, एवढेच काय ते उरले. समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये हे १९५९ साली मुंबई विद्यापीठातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. पुढची चोवीस वर्षे त्यांनी जे केले, ते पाहता निवृत्ती हा शब्द त्यांना कधी उमगलाच नव्हता, असे म्हणावेसे वाटते.

घुर्ये मूळचे मालवणचे. १२ डिसेंबर १८९३ चा त्यांचा जन्म. शिक्षण मालवण, जुनागढ आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असे झाले. विषय संस्कृत. समाजशास्त्राकडे ते वळले पॅट्रिक गेडिस यांच्यामुळे. १९१९ साली मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग गेडिस यांनी सुरू केला आणि या संस्कृतच्या पदवीधराची इंग्लंडला जाण्यासाठी निवड केली. केंब्रिजला रिव्हर्स यांच्या आणि त्यांच्या निधनानंतर हॅडन यांच्या हाताखाली अध्ययन करून घुर्ये परतले आणि १९२४ मध्ये विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. ती त्यांनी पस्तीस वर्षे सांभाळली. १९३२ साली त्यांचा जाती व वंश यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजाचे खंडशः विभाजन, उच्चनीचता, रोटीव्यवहारावरील बंधने, नागरी व धार्मिक अधिकारांतील विषमता, व्यवसायाच्या निवडीवरील मर्यादा आणि बेटीबंदी, ही जातिसंस्थेची सहा लक्षणे विद्यार्थी आजही पाठ करतात. ती त्या ग्रंथातली.

परंतु अध्यापकाचे मोठेपण त्याच्या ग्रंथांच्या संख्येवर मोजावयाचे की त्याच्या विद्यार्थ्यांवर? घुर्ये यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष अर्थपूर्ण आहे. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, ए. आर. देसाई ही नावे एका ओळीत लिहिली तरी त्यांच्यातील अंतर डोळ्यांत भरते. ग्रंथांतील प्रमाणांवर भर देणाऱ्या या गुरूचे शिष्य श्रीनिवास पुढे खेड्यात जाऊन राहिले आणि पोथीतला समाज व प्रत्यक्षातला समाज हे दोन निराळे असल्याचे सांगू लागले. देसाई तर मार्क्सवादी. भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरील त्यांचा प्रबंध घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला. त्यातील विचारसरणी गुरूच्या विचारसरणीहून सर्वस्वी भिन्न होती. तरीही प्रबंध अडला नाही.

घुर्ये यांची मते सर्वांनी मान्य करावीत, असे मुळीच नाही. १९४३ साली आदिवासींविषयी लिहिताना त्यांनी त्यांना ‘मागासलेले हिंदू’ म्हटले आणि व्हेरिअर एल्विन यांच्या संरक्षणवादी भूमिकेला विरोध केला. आदिवासींना वेगळे ठेवण्यातील धोका त्यांनी अचूक हेरला. परंतु आपण कोण, हे ठरविण्याचा पहिला अधिकार आदिवासींचाच आहे, ही जाणीव त्या विवेचनात आढळत नाही. राखीव जागांमुळे जातिभावना बळावेल, ही त्यांची भीती होती. मात्र शतकानुशतके नाकारलेली संधी कोणत्या मार्गाने द्यावयाची, या प्रश्नाला त्यांच्याकडे पुरेसे उत्तर नव्हते. या उणिवा झाकून केलेले स्मरण हे स्मरण नव्हे, आरती होय. आणि आरतीचा सोस घुर्ये यांनी आपल्या शिष्यांना लावला नव्हता.

निवृत्तीनंतरचे त्यांचे लेखन पाहावे. डॉ. थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या सुमारास पुण्याजवळच्या लोणी गावाचे वर्णन लिहून ठेवले होते. तेच गाव सव्वाशेहून अधिक वर्षांनी कसे झाले आहे, हे सांगणारा घुर्ये यांचा ग्रंथ १९६० साली निघाला. त्यानंतर देवदेवता, नगरे, राजपूत वास्तुकला, गोत्र व चरण, एवढेच नव्हे तर शेक्सपिअरची न्यायकल्पना, अशा विषयांवर ते लिहीत राहिले. १९७३ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, आत्मचरित्र आले. त्यानंतरही लेखणी थांबली नाही. २८ डिसेंबर १९८३ रोजी, नव्वदी पूर्ण केल्यानंतर सोळाच दिवसांनी, ते गेले.

एक खंत मात्र राहते. मालवणच्या या पुत्राचे सारे महत्त्वाचे ग्रंथ इंग्रजीत आहेत. समाजशास्त्र मराठी वाचकाच्या घरात आणण्याचे काम त्यांच्या शिष्येने, इरावतीबाईंनी, ‘मराठी लोकांची संस्कृती’ आणि ‘युगान्त’ लिहून केले. गुरूने न केलेले काम शिष्येने करावे, यातही एक परंपरा आहे.

आज गुण आणि गुणपत्रिका यांच्या पलीकडे वर्गात काही उरते की नाही, अशी शंका शिक्षकालाच येते. अशा वेळी घुर्ये यांचे उदाहरण ध्यानात ठेवावे. आपल्यासारखे बोलणारे विद्यार्थी तयार करणे सोपे असते. आपल्याला खोडून काढण्याइतके समर्थ विद्यार्थी घडविणे आणि निरोपाची शाल घडी करून ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेबलाशी बसणे, हे अवघड. ज्याला ते साधले, तो अध्यापक निवृत्त होत नाही.