टेलरकाकांची कात्री

टेलरकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची उजवी मूठ इतकी घट्ट आवळलेली होती, की नखं रुतून तळहातावर वण उठले होते. अर्धांगवायूचा झटका येऊन चार महिने झालेले. चालत होते, बोलत होते. हात मात्र तसाच. आधीच्या ठिकाणी त्यांना रबरी चेंडू दिला होता आणि काका तो इमानेइतबारे दाबत राहिले. त्या चेंडूचा मला मनापासून राग येतो. ज्याची मूठ उघडतच नाही, त्याला ती आणखी आवळायला का सांगायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, असे हात रोज बघते. मेंदूचा हुकूम नीट पोचेनासा झाला की बोटं मिटवणारे स्नायू ताठरतात, उघडणारे दुबळे पडतात. मेंदूच्या शाबूत भागाला हे काम पुन्हा शिकवता येतं. पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा, आणि रुग्णाने स्वतः जोर लावून करावी लागते. अमेरिका-कॅनडातल्या पुनर्वसन केंद्रांची एक पाहणी २००९मध्ये प्रसिद्ध झाली. हाताच्या एका सत्रात कामाच्या हालचाली सरासरी ३२च भरल्या होत्या!

यंत्र उपयोगी पडतं ते इथे. ते थकत नाही. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेलं ‘प्लूटो’ मला म्हणूनच आवडतं. मोटर एकच. मनगट वाकवायचं, हात उताणा-पालथा करायचा की मूठ उघडायची, त्याप्रमाणे पुढचा जोड बदलायचा. हात कुठवर जातो ते आधी मोजायचं, मग पडद्यावरच्या खेळातून सराव. यंत्राने हातभार लावावा तो कमी पडेल तेवढाच. सगळं त्यानेच केलं तर मेंदू शिकणार कधी?

आमच्याकडे होता हवेवर चालणारा साधा हातमोजा, बोटं उघडून देणारा. मी काकांना म्हणायचे, “उघडा.” हाताच्या पाठीवर शीर ताणलेली दिसली, की मगच बटण दाबायचे. काही दिवस ती शीर दिसायचीच नाही. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत बसायचो.

ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर रोबोटची मोठी चाचणी झाली. २०१९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: रोजच्या कामात हात वापरता येण्याच्या बाबतीत रोबोट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. महागड्या यंत्रासाठी दागिने मोडायला निघालेल्या घरांना मी हे आवर्जून सांगते. आमच्याकडे मोजा उतरवला की लगेच हातात काम: वाटी, टॉवेल, चिमटे.

अकराव्या आठवड्यात काकांनी घरून कापड कापायची मोठी कात्री आणली. अंगठा त्यांनी डाव्या हाताने कडीत घातला. पाती दोन बोटं उघडली. मांजरपाटाचा तुकडा इंचभर कापला गेला, तोही तिरका. काकांनी तो उजेडात धरून पाहिला.

“ताई,” ते म्हणाले, “खडू आहे का? रेघ मारून घेतो.”