पाणी पेलणारं लाकूड

दुकानात रिकामी ठेवलेली माशांची तीन फुटी टाकी दोघं जण सहज उचलतात. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पण काठाखाली थोडी जागा सोडून भरली, तरी तिच्यात पावणेदोनशे लिटर पाणी मावतं, आणि लिटरभर पाणी म्हणजे किलोभर वजन. आठ मिलिमीटर काचेचे तीसेक किलो, तळाच्या खडीचे जवळपास तेवढेच. बेरीज अडीचशे किलोंच्या घरात जाते. हा भार घरी ठोकलेल्या लाकडी स्टँडवर सोपवायचा, तोही वर्षानुवर्षं!

बेंगळुरूत तर हे पाणीच मोठी चढण चढून आलेलं असतं. कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून, सुमारे पाचशे मीटर उंच चढवून शहरात आणतात. आपल्या टाकीपुरतं पाणी नुसतं वर चढवायलाच पाव युनिट वीज लागते. झाड मात्र मोटारीशिवाय पाणी चढवतं. पानांतून बाष्प उडतं, त्याच्या ओढीनं मुळांपासून शेंड्यापर्यंतचा पाण्याचा स्तंभ वर सरकतो. सागात किंवा कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावलेल्या सिल्व्हर ओकमध्ये यासाठी खोडभर उभ्या नळ्या असतात, आणि त्यांच्याभोवती झाडाला ताठ ठेवणारे चिवट तंतू. सुतार ज्याला लाकूड म्हणतो ते हेच. पाणी वाहून नेण्यासाठी घडलेली ही रचना आता पाण्याचाच भार वाहणार असते.

ती किती वाहील? सुक्या सागाचा दोन इंच बाय दोन इंचाचा आखूड तुकडा उभा ठेवून चिरडायचा, तर दहा टनांहून जास्त भार लागतो. आपल्या स्टँडच्या चार पायांच्या वाट्याला येतात प्रत्येकी साठेक किलो. मात्र तोच तुकडा आडवा ठेवून दाबला, तर ही ताकद पावपटही उरत नाही. कडब्याची पेंढी उभी असताना भार घेते, आडवी पडली की पायाखाली चेपते, तसंच हे. म्हणून पाय नेहमी उभ्या तंतूंचे, आणि वरच्या आडव्या पट्ट्या थेट पायांच्या डोक्यावर टेकलेल्या. पट्टी पायाच्या बाजूला नुसती स्क्रूनं अडकवली, तर सगळा भार चार-आठ स्क्रूंवर लोंबकळतो. स्क्रूचं काम भाग जागच्या जागी धरून ठेवण्याचं; वजन लाकडानं लाकडावर द्यायचं.

आडवी पट्टी कशी बसवायची यातही गंमत आहे. दोन बाय चार इंचाची पट्टी पसरट ठेवण्याऐवजी काठावर उभी केली, की ती चौपट कमी वाकते. लाकूड तेच, पैसे तेवढेच. कारण वाकण्याला होणारा विरोध पट्टीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

मग स्टँड कोसळतात ते कशानं? बहुतेकदा बाजूला कलल्यानं. भरलेल्या टाकीत पाणी समोरच्या काचेला नव्वद किलोंच्या जोरानं बाहेर ढकलत असतं. मागच्या काचेवर तेवढाच जोर उलट्या दिशेनं असतो, म्हणून स्टँडला त्याचा पत्ताही लागत नाही. पण कुणी धक्का दिला आणि पाणी हिंदकळलं, की हा समतोल क्षणभर बिघडतो. नुसती चार खांबांची चौकट अशा वेळी तिरपी होऊ शकते, कारण बाजूंची लांबी न बदलताही चौकोनाचे कोन बदलू शकतात. त्रिकोणाचे बदलत नाहीत. म्हणून चौकटीच्या पाठीला एक तिरपी पट्टी किंवा प्लायवुडचा अख्खा तुकडा ठोकायचा.

प्लायवुडचं गुपित त्याच्या आडव्या-उभ्या थरांत आहे. लाकूड ओल्या हवेत फुगतं, पण तंतूंच्या आडव्या दिशेनं. लांबीत जवळजवळ नाहीच. एकमेकांना काटकोनात चिकटवलेले थर एकमेकांचं फुगणं रोखून धरतात. पाणी सांडण्याच्या जागी मरीन प्लाय घ्यावा. भारतीय मानक 710 नुसार त्याचे नमुने 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून सांधा तपासतात. बेंगळुरूचं लाकडाशी नातंही जुनं आहे. म्हैसूर संस्थानानं 1938 मध्ये इथं वनसंशोधनाची प्रयोगशाळा सुरू केली. मल्लेश्वरमची आजची काष्ठविज्ञान संस्था तिच्यातूनच वाढली. प्लायवुडवरच्या संशोधनासाठी 1962 मध्ये तुमकूर रस्त्यावर वेगळी संस्था उभी राहिली.

आता राहिला काळ. लाकडावर भार कायम राहिला, तर ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत जातं. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या प्रयोगशाळेत झालेल्या अभ्यासांवरून दिसलं, की काही मिनिटांच्या चाचणीत लाकूड जेवढा भार सोसतं, त्याच्या साठेक टक्केच ते दहा वर्षं सोसू शकतं. टाकीतलं पाणी तर रात्रीसुद्धा सुट्टी घेत नाही. म्हणून पट्टी हिशेबापेक्षा जाडच घ्यावी. टाकीखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा, म्हणजे खालचा एखादा खडा किंवा उंचवटा काचेला एकाच ठिकाणी दाबणार नाही. टाकीच्या तळाला तिची स्वतःची चौकट चिकटवलेली असेल, तर मात्र टाकी बनवणाऱ्याला विचारूनच. पाणसळ लावून स्टँड दोन्ही दिशांनी समतल करावं. मग मासे आणण्याआधी टाकी पाण्यानं भरून आठवडाभर तशीच ठेवावी, आणि पहिल्या दिवशी व शेवटच्या दिवशी पट्टीच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणून मधला झोल मोजावा. झोल वाढलेला दिसला, तर पट्टी बदलायला अजून उशीर झालेला नसतो.