लोखंडी बरगड्या, सागाची कातडी

जामसरच्या रानात पावसाळ्यात सागाचं कोवळं पान खुडून तळहातावर चोळा. हात लाल होतो. पोरांना ही फुकटची मेंदी चांगली ठाऊक असते. समुद्रापासून दूर, डोंगरातल्या या झाडाची जात राणी व्हिक्टोरियाच्या आरमाराला हवीहवीशी होती, हे मला कळलं तेव्हा आधी खरंच वाटेना.

१८७८ साली इंग्लंडमधल्या शीरनेसच्या गोदीत ‘गॅनेट’ नावाची लढाऊ नौका पाण्यात उतरली. या प्रकाराला म्हणत स्लूप. जहाज लहानसं, पण काम पडेल ते करणारं. तीन डोलकाठ्यांवर शिडं, आणि पोटात वाफेचं इंजिन. अर्धं गलबत, अर्धी आगबोट!

इंजिन आल्यावर शिडं कशाला, याचं उत्तर आपल्या मुंबईनेच आधी दिलं होतं. नवरोजी जमशेटजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. कोळसा जेमतेम साडेपाच दिवसांचा मावायचा आणि वाटेवरचं एडन बंदर तर अकरा दिवसांवर. मग खोल्यांतसुद्धा कोळसा भरला. बोट एडनला लागली तेव्हा काही तासांपुरतंच इंधन उरलं होतं. वाफेला भूक फार. याच भुकेपायी, कोळसा भरायला ठिकाण हवं म्हणून, १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या इंग्रजी फौजेने एडन घेतलं आणि पुढे अनेक दशकं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. वारा मात्र फुकट. म्हणून दूरच्या समुद्रात वर्षानुवर्षं गस्त घालणाऱ्या स्लूपची शिडं लवकर उतरली नाहीत.

खरी गंमत पाण्याखाली आहे. लोखंडी जहाज मजबूत, पण उबदार समुद्रात त्याच्या तळावर शेवाळ आणि कवचाचे जीव असे चिकटतात की वेग मरतो. लाकडी जहाजाला तळाशी तांब्याचा पत्रा ठोकत, त्यावर हे बिऱ्हाड टिकत नाही. मग लोखंडावरच तांबं का नाही ठोकायचं? कारण लोखंड, तांबं आणि खारं पाणी एकत्र आलं की झाली बॅटरी! त्यात बळी जातो लोखंडाचा. ते झपाट्याने खाल्लं जातं.

यावर तोड काढली ती अशी : सांगाडा लोखंडाचा, त्यावर जाड फळ्या लाकडाच्या, आणि लाकडावर तांबं. दोन भांडकुदळ धातूंच्या मध्ये लाकूड बसलं. पण कुठलंही लाकूड चालेना. इंग्रजांचा लाडका ओक आतल्या आम्लाने लोखंडाला गंजवतो. सागाच्या अंगात तेल असतं; तो लोखंडाला सांभाळतो, स्वतः कुजत नाही, आणि सुकताना फारसा वाकत नाही. ‘गॅनेट’ची कातडी सागाची आहे ती यासाठी. आरमाराचा बराचसा साग ब्रह्मदेशातून आणि मलबारातून जाई. वाडियांनी तर सागाचीच जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं पाण्यात! आपल्या घराच्या सागवानी चौकटीकडे मी आता जरा आदराने बघतो.

‘गॅनेट’ने तांबड्या समुद्रात गुलामांचा व्यापार रोखायला गस्त घातली आणि १८८८ मध्ये सुदानच्या सुआकिन बंदराच्या बचावासाठी तोफा डागल्या. पुढे निवृत्त होऊन ती खलाशी घडवणाऱ्या ‘मर्क्युरी’ शाळेतल्या मुलांचं वसतिगृह झाली. त्या शाळेचे प्रमुख होते क्रिकेटपटू सी. बी. फ्राय, आपल्या रणजितसिंहांचे जिवलग मित्र. योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

‘गॅनेट’ आज इंग्लंडमध्येच चॅटमच्या जुन्या गोदीत उभी आहे. तिकडे जाणं झालं तर जरूर पाहा. आणि जामसरच्या वाटेवर असाल, तर गाडी थांबवून सागाचं एक पान चोळून बघा.